नुसते बोलून काय होणार?

प्रश्न : माझे वय ४१. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्याआधी अकरा महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचे सगळे मीच केले. भाऊ दुसऱ्या शहरात असतो. तो पैसे पाठवत असे, फोन करत असे, आला मात्र दोनदाच. आई गेल्यावर मी लगेच कामावर रुजू झाले आणि तेव्हापासून ऑफिसात दोन माणसांचे काम एकटी उपसते. घरी आल्यावर कुणाशी बोलावेसे वाटत नाही. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलवर काहीबाही पाहत पडून राहते. भावाचा फोन आला की फोन पालथा घालते. रडू आले तर न्हाणीघरात नळ सोडून रडते. मी झोपेत दात खाते आणि त्यामुळे दाढा झिजल्या आहेत, असे दातांच्या डॉक्टरांनी सांगितले. कधीकधी वाटते, सकाळ होऊच नये. नवरा म्हणतो, थेरपिस्टकडे जा. पण नुसते बोलून काय होणार? आई परत येणार नाही आणि भाऊ बदलणार नाही. मन मोकळे करायला मैत्रीण आहेच. मग अनोळखी माणसासमोर बसून, पैसे मोजून, तेच पुन्हा कशासाठी बोलायचे?

उत्तर : तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी पत्रातील एका वाक्यापाशी थांबणे मला भाग आहे. ‘सकाळ होऊच नये’ हे वाक्य अतिशय दमलेला माणूसही म्हणतो आणि ज्याला जगणेच नकोसे झाले आहे तोही म्हणतो. तुमच्या मनातला अर्थ यांपैकी कोणता, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र तो ठाऊक असेल. जीव संपवण्याचे विचार मनात येत असतील, तर हे उत्तर येथेच बाजूला ठेवून नवऱ्याला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. असे उघड विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, म्हणूनच मी आडवळणाने न विचारता सरळ विचारत आहे.

तसे नाही असे धरून पुढे लिहिते, आणि सुरुवात तुमच्या पालथ्या फोनापासून करते, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला त्यातच दिसते.

भावाचे नाव स्क्रीनवर उमटते, छातीत काहीतरी आवळल्यासारखे होते, तुम्ही फोन पालथा घालता आणि दोन-तीन सेकंदांत ती पकड सैल होते. म्हणजे उपाय लागू पडला. एखादा उपाय इतक्या झटपट लागू पडत असेल, तर तो पुन्हा वापरला जाणारच. होबार्ट मौरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये भीती आणि टाळाटाळ यांची जी सांगड घातली, तिचा गाभा एवढाच आहे : टाळल्यावर मिळणारी सुटका हेच टाळण्याचे बक्षीस ठरते आणि प्रत्येक बक्षिसागणिक सवय घट्ट होत जाते. शिवाय फोन एकदाही उचलला न गेल्यामुळे, उचलला असता तर नेमके काय झाले असते, हे मनाला कधी कळतच नाही. भाऊ कदाचित रडला असता, कदाचित चिडला असता, कदाचित नेहमीसारखे हवापाण्याचे बोलून त्याने फोन ठेवला असता. तुमच्या मनात मात्र दोन वर्षे त्या फोनच्या पलीकडे एकच प्रसंग ठाण मांडून बसला आहे, आणि त्याला खोटे पाडण्याची संधी कुणालाच मिळालेली नाही.

पत्रात तुम्ही आपल्या या सगळ्या सवयी एखाद्या कबुलीजबाबासारख्या मांडल्या आहेत, ते मला तितकेसे पटले नाही. त्या अकरा महिन्यांत भावना दाबून ठेवणे ही चूक नव्हती. रात्री तीन वाजता आईची कूस बदलणाऱ्या, औषधाची वेळ सांभाळणाऱ्या हाताला थरथरून चालत नाही. त्या वेळी जी पद्धत तुमच्या कामी आली, ती गरज संपल्यावरही निघून गेली नाही, इतकेच झाले आहे. थेरपीचे काम तेथे सुरू होते. तुमची पद्धत हिसकावून घेणे हा तिचा हेतू नसतो. ती पद्धत कशासाठी घडली, आज तिची किती किंमत पडते आणि तिच्या जोडीला आणखी काय शिकता येईल, हे बारकाईने पाहणे हा असतो.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाशी सामना करण्याच्या पद्धतींची एक विभागणी मांडली, ती तुमच्या बाबतीत फार उपयोगी पडेल असे मला वाटते. काही पद्धती अडचणीवर काम करतात : माहिती काढणे, कामे वाटून घेणे, समोरच्याशी बोलून काही ठरवणे. काही पद्धती अडचणीमुळे उठलेल्या भावनेवर काम करतात : रडणे, आधार घेणे, घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहणे. यांत एक चांगली आणि दुसरी वाईट असा भेद नाही. जेथे परिस्थिती बदलता येते तेथे पहिली बहुधा अधिक उपयोगी ठरते आणि जेथे ती बदलता येत नाही तेथे दुसरी. आता तुमच्याकडे पाहा. आईचे जाणे बदलता येणार नाही, पण त्या दुःखावर तुम्ही कामाचा डोंगर उपसता आहात, जणू पुरेशा फायली हातावेगळ्या केल्या की दुःखही हातावेगळे होईल. भावाशी असलेला अबोला मात्र काही अंशी तरी बदलण्यासारखा आहे, आणि नेमका तेथे तुम्ही फोन पालथा घालता. अवजारे दोन्ही ठिकाणी आहेत, फक्त त्यांची अदलाबदल झाली आहे. हे पत्र वाचून मी सांगू शकते, तर मैत्रीणही सांगू शकली असती, असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे. मात्र आपल्या बाबतीत काय चुकते आहे हे कळणे आणि रात्री साडेअकरा वाजता वेगळे वागता येणे, यांत बरेच अंतर असते.

‘नुसते बोलून’ या तुमच्या शब्दांमागे एक जुनी कल्पना दडलेली आहे. बोलणे म्हणजे आत साठलेले बाहेर काढणे, ही ती कल्पना. तिचा उगमही एका रुग्णाकडेच जातो. १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नातील डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी बेर्टा पापेनहाइम या तरुणीवर उपचार केले. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करता करता ती आजारी पडली होती, आणि हे वाचताना तुम्हाला आपली आठवण झाली तर नवल नाही. आपल्या लक्षणांविषयी सविस्तर बोलले की तिला हलके वाटे. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले, आणि थट्टेने ती त्याला धुराडे साफ करणे असेही म्हणे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकिगत टोपणनावाने प्रसिद्ध केली. पण त्या हकिगतीवरून वाटते तशी ती लगेच ठणठणीत बरी झाली नाही. नंतरची काही वर्षे तिला पुन्हा पुन्हा आरोग्यगृहात राहावे लागले. पुढे ती समाजकार्यात उतरली आणि १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना तिने उभी केली. धुराडे साफ केल्याने खोलीतला धूर कमी होतो, पण चूल कशी पेटते आहे हे कुणीतरी पाहावे लागते. नंतरच्या शंभर वर्षांत बोलण्याच्या उपचारांचा प्रवास बराचसा या चुलीच्या दिशेने झाला आहे.

१९६० च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ध्यानात आले की रुग्ण जे मोठ्याने बोलत असतात, त्याच्या समांतर त्यांच्या मनात दुसरे काहीतरी चाललेले असते : झटकन येऊन जाणारी, स्वतःविषयीची छोटी छोटी वाक्ये, ज्यांकडे त्यांचे स्वतःचेही लक्ष नसते. हे विचार पकडायचे आणि ते कितपत खरे आहेत हे तपासायचे, यातून त्यांची उपचारपद्धती उभी राहिली. प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते तुमच्याच पत्रातील तपशील घेऊन कल्पनेने मांडते.

समजा, तुम्ही म्हणालात, “मंगळवारी पुन्हा अडीच वाजेपर्यंत फोन पाहत होते.” मैत्रीण येथे म्हणेल, अगं, नको करत जाऊस असे. थेरपिस्ट बहुधा विचारील, “फोन हातात घेतला त्याआधीच्या पाच मिनिटांत काय झाले?” तुम्ही म्हणाल, काही नाही, नुसती पडले होते. “दिवा चालू होता?” नाही, नुकताच बंद केला होता. “मग?” मग शांत झाले होते. “शांत झाल्यावर?” येथे तुम्ही कदाचित थोडा वेळ गप्प बसाल आणि मग म्हणाल की आईच्या खोलीतून हाक येईल असे अजूनही वाटते, कान तिकडे लागतात. “आणि कान लागले की मनात कोणते वाक्य येते?” हे वाक्य काय असेल ते मला माहीत नाही. ‘मी आणखी करायला हवे होते’ असे असू शकेल, ‘आता माझा कुणाला उपयोग नाही’ असे असू शकेल. पण ते एकदा शब्दांत आले की रात्रीचा मोबाइल ही आळशी किंवा वाईट सवय उरत नाही. दिवा मालवणे, शांतता, हाकेची वाट पाहणे, ते वाक्य आणि मग फोन, अशी साखळी दिसू लागते. साखळीला कड्या असतात, म्हणजे ती कोठे सोडवता येईल हे ठरवता येते. शांततेच्या जागी हलके संगीत ठेवायचे, की त्या वाक्याचा सामना करायचा, की झोपण्याआधीचा पाऊण तास आईच्या आठवणींसाठी राखून ठेवायचा, याची निवड तुमची असते.

हा शेवटचा पर्याय विचित्र वाटेल. दिवसभर जे टाळले त्याला रात्री मुद्दाम का बोलवायचे? डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले आणि तरीही तो आलाच तर घंटी वाजवण्यास सांगितले. घंटी वाजतच राहिली. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करण्याची मुभा दिली, तेव्हा ज्यांनी तो आधी दाबला होता त्यांच्या मनात तो, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा, जास्त वेळा आला. दिवसभर कामाच्या रेट्याखाली दाबलेली गोष्ट दिवा मालवल्यावर दामदुपटीने का येते, याचा काहीसा उलगडा यातून होतो. नळ सोडून रडतानाही तुम्ही अर्धे लक्ष दाराकडे ठेवत असाल. ते पूर्ण रडणे नव्हे.

आता मैत्रिणीविषयी. ती सोडू नका. थेरपी मैत्रीची जागा घेत नाही आणि तिने ती घेऊही नये. पण मैत्रीत एक गंमत असते. दोघी मिळून तोच विषय पुन्हा पुन्हा उगाळू लागल्या की जवळीक वाढते आणि त्याबरोबर मनाचा जडपणाही वाढू शकतो. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला तेव्हा त्यांना या दोन गोष्टी एकत्र आढळल्या. मैत्रीण तुमची बाजू घेते आणि ती तिने घेतलीच पाहिजे. ‘तुझा भाऊ आहेच तसा’ असे ती म्हणाली की बरे वाटते, पण भावाविषयीचे तुमचे चित्र आणखी पक्के होते. थेरपिस्टला तुमच्या भावाशी ना भांडण असते ना नाते. तुम्ही काय म्हणालात हे त्याच्या लक्षात राहते, आणि दुसऱ्या भेटीत ‘मला कुणाची मदत लागत नाही’ असे म्हणणाऱ्या तुम्ही पाचव्या भेटीत ‘मला कुणी विचारतच नाही’ असे म्हणालात, तर ही दोन वाक्ये तो शांतपणे शेजारी शेजारी ठेवतो. मैत्रिणीने असे केले तर ते टोचेल. आणि तिला काय वाटेल याची काळजी तुम्हाला तेथे करावी लागत नाही, ही गोष्ट आयुष्यभर दुसऱ्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाला फार नवीन असते.

एक मोठा गैरसमज असा की हे सगळे त्या खोलीतल्या पाऊण-एक तासात घडते. आठवड्याचे उरलेले १६७ तास तुम्ही बाहेरच असता, आणि नवी सवय तेथेच लागते. म्हणून पुष्कळशा पद्धतींमध्ये दोन भेटींच्या मध्ये करायचे काहीतरी ठरवले जाते, आणि ते मुद्दामच लहान ठेवले जाते. भावाशी सगळे मोकळेपणाने बोला, असे कोणी शहाणा थेरपिस्ट पहिल्या महिन्यात सांगणार नाही. कदाचित एवढेच ठरेल की पुढच्या वेळी फोन पालथा न घालता, तो न उचलता, वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहायचे, आणि छातीतली पकड किती वाढली व केव्हा उतरू लागली हे टिपून ठेवायचे. काही आठवड्यांनी त्याला एका ओळीचा संदेश पाठवायचा. त्याच्याशी करायच्या संभाषणाची तालीमही खोलीत होऊ शकते : थेरपिस्ट भाऊ होतो, तुम्ही तुम्हीच असता, आणि पहिल्या तालमीत तुमच्या तोंडून ‘तू आलाच नाहीस’ एवढेच बाहेर पडते. तिसऱ्या-चौथ्या तालमीपर्यंत ते ‘त्या अकरा महिन्यांत मला तुझी गरज होती, आणि आता मला त्याविषयी बोलायचे आहे’ असे होते. भाऊ बदलणार नाही हे तुमचे म्हणणे खरे ठरू शकते. तरीही तुमच्या मनातले त्याच्यापर्यंत पोहोचलेले असेल आणि फोन वाजला की तुमचे अंग आकसणार नाही, हा बदल लहान नव्हे.

दाढांविषयी थोडेसे. दातांच्या डॉक्टरांनी जो उपाय सांगितला असेल तो जरूर करा. झोपेत दात खाण्यामागे ताणाखेरीज इतर कारणेही असू शकतात. पण दिवसाही जबडा आवळलेला असतो का, हे एकदा तपासून पाहा. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२० च्या दशकात स्नायू शिथिल करण्याची एक पद्धत विकसित केली. आज ती सहसा अशी शिकवतात की एकेक स्नायूगट आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे आवळलेपण म्हणजे काय हे आधी कळते. ‘दीर्घ श्वास घ्या’, ‘सकारात्मक विचार करा’ हे सल्ले आता इतके स्वस्त झाले आहेत की ते ऐकूनच दात आवळले जावेत. पण शरीर सैल करण्याचे कौशल्य, नीट शिकून आणि रोज थोडा वेळ करून, खरोखर उपयोगी पडते. कठीण संभाषणाच्या आधी त्याचा उपयोग करा. संभाषण टाळण्यासाठी केलात, तर तोही एक पालथा फोनच.

काही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. पहिल्या काही भेटींनंतर बरे वाटण्याऐवजी जड वाटू शकते, कारण दोन वर्षे बंद असलेले दार उघडते. हे थेरपिस्टला सांगायचे असते, त्यावरून थेरपी सोडायची नसते. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धतींमध्ये साधारण १२ ते २० साप्ताहिक भेटी लागतात, शोक आणि नात्यांचे जुने प्रश्न यांना कधी अधिक. तुम्ही जे बोलता ते गोपनीय राहते. जिवाला धोका असेल तर मात्र त्याला अपवाद असतो, आणि हे अपवाद पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत. थेरपिस्टचे प्रशिक्षण कोठे झाले, तो कोणत्या पद्धतीने काम करतो, शोकग्रस्त माणसांबरोबर त्याने काम केले आहे का, हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्यातील सहकार्याचे तीन घटक सांगितले : काय साधायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत आणि परस्परांविषयी विश्वास. हे सहकार्य जेथे चांगले जमते तेथे उपचारांचा परिणामही चांगला होतो, असे नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत दिसून आले. तीन-चार भेटींनंतरही यांतले काहीच जमत नसेल, तर ते सांगून दुसरा थेरपिस्ट शोधावा. जोडा बसला नाही म्हणून कोणी चालणे सोडत नाही. झोप, भूक आणि कामातले लक्ष फारच ढासळले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ बोलण्याच्या जोडीने औषधेही सुचवू शकतात. ती घेणे म्हणजे हार नव्हे.

पहिल्या भेटीत काय बोलायचे या विचारानेच पुष्कळांचा पाय अडतो. तुमच्यापुरते सांगायचे तर हे पत्रच सोबत न्या आणि वाचून दाखवा. फार चांगले लिहिले आहे. त्यात तिसऱ्या पानावर, आई गेली त्या रात्रीविषयीची एक ओळ तुम्ही लिहून मग खोडली आहे. शाईखालून ती मला वाचता आली, पण मी ती येथे छापत नाही. मूळ पत्र तुम्हाला परत पाठवत आहे. ती ओळ त्या खोलीत वाचून दाखवा. पहिल्या भेटीत जमले नाही, तर चौथ्या.